गिळण्याचं शिक्षण

सोमवार, ३ नोव्हेंबर

दुपारी मेट्रनबाईंनी ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, परवा सूप खाली लागलं त्याची झाडाझडती असणार. तसं काही नव्हतं. ज्यांना गिळायला त्रास होतो अशा लोकांच्या जेवणाचं प्रशिक्षण मोठ्या इस्पितळात आहे, बुधवारी आणि गुरुवारी, आणि आपल्या वृद्धाश्रमाकडून मी जायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. खरं तर नाव धाकट्या नर्सचं होतं. ती तापाने पडली म्हणून माझी वर्णी लागली.

म्हाताऱ्या माणसांसाठी स्वयंपाक करण्यात माझी अर्धी हयात गेली. आता कुणीतरी मला घास कसा गिळतात ते शिकवणार. स्वयंपाकघरात काकूंना सांगितलं. काकू माझ्याही आधीपासून इथे आहेत. त्यांचं नाव बहुतेक त्यांच्याही लक्षात नसेल, इतके सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्या म्हणाल्या, जा की, दोन दिवस कुणीतरी आयतं वाढेल.

घरी आले तर सासूबाईंना चहा पिताना ठसका लागलेला. बोलत बोलत पिऊ नका म्हणून किती वेळा सांगायचं. तर म्हणे चहाच फार गरम होता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

फार दमले आहे, तरी लिहून ठेवते.

शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई अगदी किरकोळ अंगाच्या, आवाज इतका हळू की पुढे सरकून ऐकावं लागतं. मला वाटलं होतं पडद्यावर चित्रं दाखवतील आणि मी डुलक्या काढीन. त्यांनी आल्या आल्या आमच्या जोड्या लावल्या, एकाचे डोळे बांधले आणि दुसऱ्याला सांगितलं, भरवा. बोलायचं नाही.

माझ्या वाट्याला दुसऱ्या इस्पितळातला एक आडदांड आचारी आला. डोळ्यांवर फडकं आणि एकदम ओठांना गार चमचा. काय आहे ते कळेना. तोंडात गेल्यावरही कळेना. पहिला घास घशाखाली उतरतोय तोच दुसरा दारात हजर. मी अंदाजाने हात पुढे करून त्या माणसाचं मनगट घट्ट धरलं. सोडेचना. तो बिचारा हळूच म्हणाला, ताई, मी घाई केली का?

फडकं काढलं तेव्हा वाटीत ते दिसलं. सगळं जेवण एकत्र फिरवलेलं, मातकट रंगाचं. आमच्याकडे त्याला ‘पातळ जेवण’ म्हणतात. आमच्याच काय, तिथे आलेल्या सगळ्यांकडे तसंच करतात.

थेरपिस्ट बाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला आत्ता जे वाटलं ते लक्षात ठेवा. बाकी सगळं कागदावर लिहून दिलेलं आहे.”

असं शिकवणारं माणूस मी पाहिलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज कामाचं शिकवलं. मऊ केलेला घास जेवणाच्या काट्यावर घेऊन धरायचा. काट्याच्या फटींतून तो गळता कामा नये. मग चमच्यात घेऊन चमचा वाकडा करायचा. घास एका गोळ्याने सुटून पडला पाहिजे. चिकटून राहिला तर तो टाळूलाही चिकटणार. पाणी, चहा, सूप यांचं वेगळंच. पातळ पदार्थ घशात फार पटकन पळतो आणि काही जणांच्या बाबतीत वाट चुकून श्वासनळीत जातो. त्यांच्यासाठी तो भुकटी घालून दाट करायचा. जेवताना पाठ ताठ. जेवणानंतरही लगेच आडवं करायचं नाही. पिऊन झाल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का ते ऐकायचं.

शेवटी बाईंनी सगळी कागदपत्रं आमच्या हातात दिली आणि म्हणाल्या, हे तुम्ही कपाटावर ठेवणार, मला माहीत आहे. म्हणून एक करा. इथून गेल्यावर एकच गोष्ट बदला, आठवड्याच्या आत. आणि ती करताना कुणाला तरी शेजारी उभं करा, म्हणजे मागे फिरता येणार नाही. महिनाभराने मी येऊन बघेन.

मग प्रत्येकाने आपली गोष्ट उभं राहून सांगायची होती. लोकांनी मोठमोठं सांगितलं. एकाने तर सगळं स्वयंपाकघर बदलून टाकायचं ठरवलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मी सगळं वेगवेगळं वाढीन. बसले आणि माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. एवढंच सुचावं?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काहीच झालं नाही. मिक्सर एक, भांडी दोन, पातळ जेवणवाले अकरा. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, प्रत्येक पदार्थ निराळा फिरवायचा तर मधे मधे भांडं कोण धुणार? त्या थेरपिस्ट बाईंना त्यांनी ‘गिळणबाई’ म्हणायला सुरुवात केली आहे.

कागद मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवले. त्यांनी मान वर केली नाही. उघडूनही बघणार नाहीत.

सोमवार, १० नोव्हेंबर

घड्याळवाल्या आजोबांचं वजन पुन्हा उतरलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणतात. उन्हाळ्यात झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. घास पुढे आला की ओठ गच्च मिटतात. ताडमाड त्यांना भरवतो. तो इथला मदतनीस, दारातून वाकून आत यावं लागतं इतका उंच, म्हणून ताडमाड. त्याच्याइतका धीर माझ्यात नाही. तासभर वाटी धरून बसतो, एकदाही आवाज चढत नाही.

डॉक्टर आज स्वतः आजोबांजवळ बराच वेळ बसले. त्यांनी आजोबांच्या मुलीला बाहेर व्हरांड्यात नीट समजावून सांगितलं की वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तिला विचार करायला महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे. मुलगी परत आत गेली आणि वडिलांच्या सदऱ्याची बटणं पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज मी काय केलं ते माझ्या नवऱ्यालाही खरं वाटलं नाही.

जेवणाच्या वेळी मी मेट्रनबाईंना अडवलं आणि वेगळं वाढण्याचं काढलं. त्या म्हणाल्या, काकूंचं म्हणणं बरोबर आहे, हात कुठून आणणार? मी समजावायला गेले तर शब्द सापडेनात. दोन दिवस जे डोक्यात इतकं स्वच्छ होतं त्याचा नुसता गुंता झाला. शेवटी मी म्हटलं, “मला सांगता येत नाही. तुम्ही बसा, मी भरवते.”

तोंडातून निघून गेलं. काकूंच्या हातातला झारा हवेतच.

मेट्रनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्यांसमोर खुर्चीत बसल्या. डोळे मिटले. मी पातळ जेवणाची वाटी घेतली आणि भरवायला लागले, आम्ही रोज भरवतो तसंच, तितक्याच घाईने. तिसऱ्या घासाला माझा हात थांबला. त्यांनी डोळे न उघडताच तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

चष्मा घालताना त्यांचे डोळे ओले दिसले. वाटीत तिखट तर मुळीच नव्हतं, मग कशाने झोंबलं कोण जाणे.

म्हणाल्या, “उद्यापासून वेगळं वाढायचं. दुसरा मिक्सर मी आणते.”

नंतर बराच वेळ त्या कोपऱ्यातल्या खोलीत होत्या. पूर्वी त्या खोलीत त्यांच्या आई राहायच्या, दोन वर्षं अंथरुणावर होत्या. आता तिथे जादा चादरी ठेवतो. चादरी मोजायच्या राहिल्या असतील.

ते काही असो, एवढी मानी बाई सगळ्यांसमोर लहान मुलासारखी तोंड उघडून बसली. मला जमलं नसतं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नवा मिक्सर आला. ताटात तीन रंग. लाल भोपळा, वाटाणा, कोंबडी. दिसायला झकास, पण टेबलापर्यंत नेईस्तोवर सगळ्याचं तळं झालं. भोपळा वाटाण्यात घुसला. काकूंनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

संध्याकाळी मी निघाले तर काकू अजून ओट्याशी. केकवर नक्षी काढायच्या पिशवीत गाजराचा गर भरून ताटलीत पिळत होत्या. मला बघून म्हणाल्या, तुझ्या गिळणबाईसाठी नाही करत, मला असला पसारा बघवत नाही म्हणून करते. ताटलीत चक्क एक गाजर झालं होतं. काट्यावर घेऊन बघितलं, गळालं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही.

घास आकारात राहावा म्हणून आज मी सगळ्यात बटाटा घातला, मिक्सरमधून चांगला घोटून घातला. ताट असं देखणं झालं की ताडमाड म्हणाला, आजोबांच्या मुलीला फोटो पाठवू. काट्यावर बघितलं, छान टिकलं. तेवढ्यावरच मी खूश झाले.

आजोबांनी कित्येक दिवसांनी आपणहून तोंड उघडलं. दुसरा घास टाळूला चिकटला. आधी नुसता घुसमटल्यासारखा आवाज, मग खोकला, चेहरा तांबडालाल. मी खांबासारखी उभी. ताडमाडने मात्र त्यांना पुढे वाकवलं, एक हात छातीशी, एक पाठीवर, आणि “खोका आजोबा, मी धरलंय तुम्हाला, खोका” असं इतक्या शांतपणे म्हणत राहिला जसं काही रोजचंच. गोळा सुटला तो त्याने कापसाच्या फडक्यात काढून घेतला. डॉक्टरांनी येऊन छाती तपासली. निभावलं.

मी मेट्रनबाईंकडे गेले आणि म्हटलं, मला हे झेपत नाही, जुनंच बरं होतं, त्यात कुणाचा जीव तरी धोक्यात येत नव्हता. त्यांनी मला बसायला सांगितलं. विचारलं, “चमचा वाकडा करून बघितला होता?”

नव्हता बघितला. काट्यावर टिकलं म्हटल्यावर दुसरी परीक्षा मी सोडूनच दिली होती.

“मग सोमवारी बघा,” म्हणाल्या. “आणि बाईंना फोन करा. त्या शिकवतात, म्हणजे त्यांना विचारता येतं.”

चमच्याचं त्यांना कसं माहीत? मी तर त्यांना सांगितलं नव्हतं.

थेरपिस्ट बाईंना फोन केला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी आजोबा कसे आहेत ते विचारलं, मग ताडमाडने काय केलं ते सगळं सांगायला लावलं आणि म्हणाल्या, त्याला सांगा, मी असते तर हेच केलं असतं. मग बटाट्याचं. मिक्सरमध्ये घोटला की त्याचा डिंक होतो. तो कमी घ्यायचा, हाताने चाळणीतून काढायचा, दूध आणि लोणी घालायचं. शेवटी म्हणाल्या, चुकलं ते मला सांगणारे फार थोडे असतात.

रविवार, १६ नोव्हेंबर

सुट्टी. सकाळी चहाच्या वेळी नवऱ्याला कालचं सगळं सांगत बसले. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्टीत कुठला भाग अडकला ते जाणून घ्यायचं असतं. पातळ पदार्थ कसा चुकून श्वासनळीत जातो, ठसका लागतो, आवाज ओला होतो, हे मी हातवारे करून दाखवत होते. पलीकडे सासूबाई खोकत होत्या. मी मधेच वळून म्हटलं, सावकाश प्या हो.

नवरा माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “अगं, मग आईचं काय?”

सासूबाई रागाने काहीतरी म्हणाल्या आणि मी पहिल्यांदा त्यांचं बोलणं न ऐकता नुसता आवाज ऐकला. ओला होता. पाण्याखालून यावा तसा.

आश्रमात अकरा माणसांचे घसे ऐकत फिरते आणि रोज समोर बसून चहा पिणाऱ्या बाईला बोलत पिऊ नका म्हणून दटावते. उद्याच थेरपिस्ट बाईंची वेळ मागते.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सासूबाईंना दाखवून आणलं. चहा दाट करायचा, छोटे घोट, मान किंचित खाली. एक्स-रेही काढायला सांगितला आहे. घरी येऊन भुकटी घातलेला चहा दिला तर कपात बोट बुडवून म्हणाल्या, हा चहा आहे का कपड्यांची खळ? पण प्यायल्या. ठसका नाही. आपल्याला ठसका लागला नाही हे त्यांच्याही लक्षात आलं, कारण दुसरा कप मागताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आता रीतच पडली आहे. ताट निघण्याआधी काकू काटा धरतात, मी चमचा वाकडा करते. दोन्ही झाल्याशिवाय ताट दाराबाहेर जात नाही. काल घाईत मीच एक ताट उचललं तर काकूंनी पदर धरून मागे ओढलं.

आणि आता भरवताना नाव सांगायचं. हा भोपळा, हे अंडं, हे सफरचंद. ताडमाडला हे सांगावं लागलं नाही, मी एकदा केलेलं बघून त्याने उचललं. त्याने आणखी एक केलं. आजोबांच्या डाव्या हातात चमचा दिला आणि खालून आपला हात लावला, म्हणजे घास आजोबाच नेतात, तो नुसता आधार. चमचा वर आला की आजोबा थांबतात, एक डोळा बारीक करतात आणि घासाकडे निरखून बघतात. घड्याळ उघडल्यावर असेच बघत असतील. बघून झालं की मग तोंडात घालतात.

ताडमाडला म्हटलं, हे तू कुठे शिकलास? म्हणाला, तुम्ही आणलेल्या कागदांत चित्र आहे. मेट्रनबाईंनी सगळ्यांना एकेक प्रत वाटली आहे. मला मिळाली नाही. मी विसरणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आजोबांचं वजन झालं. वाढलं नाही. पण कमीही झालं नाही, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. डॉक्टरांनी वजनाचा काटा दोनदा बघितला, मग आजोबांशी हात मिळवला, डाव्या हाताने. मुलीला म्हणाले, नळीचं तूर्तास राहू दे, पुढचा महिना बघू. तिने विचारलं, हे कुणामुळे झालं? मी म्हटलं, ताडमाडमुळे. ताडमाडने काकूंकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, मला हात धुवायचे आहेत.

सोमवार, ८ डिसेंबर

थेरपिस्ट बाई आल्या, बरोबर तीन-चार आश्रमांचे स्वयंपाकी आणि नर्सा. मला वाटलं माझी परीक्षा. त्या म्हणाल्या, आजचं प्रशिक्षण तुमच्याच स्वयंपाकघरात घ्यायचं, आणि सुरुवात तुम्ही करा. त्या दिवशी प्रशिक्षणात सगळं स्वयंपाकघर बदलतो म्हणणारा आचारीही त्यांच्यात होता. त्याने मला कोपऱ्यात गाठून विचारलं, तुम्ही सुरुवात कुठून केलीत? त्याचं काहीच सुरू झालं नव्हतं. मी म्हटलं, वेगवेगळं वाढलं, बस. तो पुढचं ऐकायला थांबला होता, पण माझ्याकडे पुढचं काही नव्हतं.

मला सांगता येत नाही हे मला माहीतच आहे. मी घसा खाकरून उभी राहिले तोवर काकूंनी पाहुण्यांतल्या एका धिप्पाड नर्सला खुर्चीत बसवून तिचे डोळे बांधलेही होते. “बोलायचं नाही,” काकू म्हणाल्या, “आणि माझं मनगट धरायचं नाही.” थेरपिस्ट बाई मागे भिंतीला टेकून बघत होत्या. मेट्रनबाई त्यांच्या शेजारी. मग काकूंनी काटा दाखवला, चमचा दाखवला, बटाट्याचा डिंक कसा होतो ते दाखवलं, आणि ‘गिळणबाई’ म्हणता म्हणता ‘आमच्या बाई’ म्हणून मोकळ्या झाल्या. असं शिकवलं की मीच दोन नव्या गोष्टी शिकले.

माझी तिथे गरज नव्हती. आजोबांची वेळ झाली होती म्हणून मी ताट घेऊन गेले. ताडमाड दुसऱ्या खोलीत होता, तेव्हा मीच बसले. पाठ ताठ केली, डाव्या हातात चमचा दिला, खालून हात लावला. हा वाटाणा, म्हटलं. आजोबांनी एक डोळा बारीक करून बघितलं, घास घेतला, सावकाश गिळला. मी दुसरा भरला. त्यांनी हात वर येऊ दिला नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा ओठ मिटले.

ओठ हलत होते. आधी नुसता श्वास आला, मग आवाज, जाडाभरडा, गंजलेल्या कडीसारखा. मी वाकून कान जवळ नेला.

“अळणी,” आजोबा म्हणाले.

मी ताट खाली ठेवलं आणि पळतच स्वयंपाकघरात आले. सगळे पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मेट्रनबाई पुढे झाल्या, आजोबांना काही झालं का म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, “मीठ कुठंय? आजोबांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली.”